लिबरेटर विमानाची प्लॅस्टिक प्रतिकृती

पेटीतून आलेले प्लॅस्टिकचे तुकडे गोंदाने चिकटवून विमान उभे करणे म्हणजे सुटीतला वेळ घालविण्याचा एक उद्योग, असे बहुतेकांस वाटते. तो तसा आहेही. परंतु याच उद्योगात गणितातील प्रमाण, पदार्थविज्ञानातील तरफ आणि इतिहासातील एक प्रकरण अशी तीन पुस्तके एकदम उघडतात, हे ध्यानात आले म्हणजे घाई करणारे हात आपोआप सावकाश चालू लागतात. प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धातील ‘लिबरेटर’ या अमेरिकन बाँबफेकी विमानाची प्रतिकृती कशी करावी, हे पाहावयाचे आहे. हेच विमान निवडण्यास दोन कारणे आहेत. त्याची प्रतिकृती पुढच्या चाकावर उभी करणे ही एक मौजेची अडचण असते. आणि या विमानाच्या उत्तरायुष्याचा संबंध आपल्या देशाशी आलेला आहे.

प्रथम प्रमाणाचा विचार करू. अशा संचांच्या पेटीवर बहुधा १:७२ असा आकडा छापलेला असतो. याचा अर्थ मूळ विमानातील सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच. लिबरेटरच्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी ११० फूट, म्हणजे सुमारे साडेतेहतीस मीटर. तिला ७२ ने भागले की साडेसेहेचाळीस सेंटिमीटर येतात. पावणेसहा फूट उंचीचा वैमानिक या हिशेबाने अडीच सेंटिमीटरांहून किंचित कमी भरतो. विमानाच्या पोटात, बाँबांच्या दोन रांगांमधून, पुढून मागे जाण्यासाठी अवघी नऊ इंच रुंदीची एक फळी होती. तुमच्या प्रतिकृतीत ती तीन मिलिमीटरांची होईल. पट्टी घेऊन जमिनीवर नऊ इंचांचे अंतर आखा आणि जाड कपडे घालून, काळोखात, हेलकावे खाणाऱ्या विमानात त्यावरून चालण्याची कल्पना करा. संच जुळविण्याआधी केलेला एवढा एक प्रयोग दहा पुस्तकी वर्णनांपेक्षा अधिक सांगून जातो.

लांबी ७२ पटींनी घटली म्हणजे वजनही ७२ पटींनीच घटेल, असे मात्र समजू नये. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही घटतात; म्हणून घनफळ ७२ × ७२ × ७२, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी घटते. रिकाम्या लिबरेटरचे वजन साडेसोळा हजार किलोग्रॅमच्या घरात होते. या संख्येने त्यास भागले तर उत्तर येते केवळ ४४ ग्रॅम. उलट बाजूनेही हिशेब करून पाहावा. संचातील प्लॅस्टिकची भिंत एक मिलिमीटर जाड असली, तर खऱ्या विमानाच्या मापात ती सात सेंटिमीटरांहून जाड झाली. विमानाचे कवच तर पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे असते. म्हणजे कितीही चांगली प्रतिकृती झाली तरी ती बाह्यरेषेशी प्रामाणिक असते, जाडीशी नसते. म्हणूनच पंखाची मागची कड आतल्या बाजूने खरवडून पातळ करण्याचे कष्ट जाणता कारागीर घेतो.

१:७२ या प्रमाणाचे शाळांशी एक जुने नाते आहे. १९४२ च्या प्रारंभी अमेरिकेच्या नौदलाने देशातील शाळकरी मुलांना विमानांच्या ५,००,००० लाकडी प्रतिकृती करून देण्याचे आवाहन केले होते. त्या पन्नास जातींच्या विमानांच्या होत्या आणि काळ्या रंगाने रंगविल्या जात. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते, हे ३५ ला ७२ ने गुणून तुम्हांस ताडून पाहता येईल. सैनिकांनी आपले कोणते व परके कोणते हे आकृतीवरून क्षणात ओळखावे, हा त्यामागील हेतू. मुलांच्या हातातील लाकडाच्या माप-चुकीमुळे कोणी आपल्याच विमानावर गोळी झाडील, अशी ती जबाबदारी होती.

आता विमानाची आकृती पाहू. लिबरेटर प्रथम उडाले ते २९ डिसेंबर १९३९ रोजी, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे. पुढे ही विमाने अठरा हजारांहून अधिक तयार झाली. त्याचा पंख लांबट आणि अरुंद आहे. डेव्हिस नावाच्या संशोधकाच्या नावाने तो ओळखला जातो. समुद्रावर तासन् तास तरंगणाऱ्या पक्ष्यांचे पंख तुम्ही पाहिले असतील, तेही असेच लांब व निमुळते असतात. अशा पंखाच्या टोकाशी हवेचे भोवरे कमी उठतात, रोध घटतो आणि तेवढ्याच इंधनात दूरवर जाता येते. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी किनाऱ्यावरील विमाने पोहोचू शकत नव्हती. तेथे जर्मन पाणबुड्या निर्धास्त वावरत. १९४३ मध्ये दूर पल्ल्याच्या लिबरेटर विमानांनी ती पोकळी भरून काढली. मात्र प्रत्येक गुणाची किंमत मोजावी लागते. हा पंख मार सोसण्यात कच्चा होता.

पंख धडाच्या वरच्या भागात बसविल्याने खाली बाँबांसाठी खोल जागा मिळाली. तिची दारे बाहेर उघडत नसत. दुकानाचे शटर वर गुंडाळावे तशी ती धडाच्या कुशीवर सरकत, म्हणून उड्डाणात वाऱ्याचा अडथळा होत नसे. पण पाण्यावर उतरण्याचा प्रसंग आला तर हीच पातळ दारे प्रथम फुटत आणि धड मोडे. संचात ही दारे उघडी किंवा मिटलेली दाखविण्याची सोय असते. उघडी दाखविलीत तर आत बाँब टांगावेच लागतात. आणि ते टांगताना ते कोणाच्या तरी घरावर पडण्यासाठी केलेले होते, हे विसरून चालणार नाही. बाँब टाकणारेही सुरक्षित नव्हते. १ ऑगस्ट १९४३ रोजी रुमानियातील प्लोएश्टी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांवर पावणेदोनशेहून अधिक लिबरेटर चालून गेले. त्यांपैकी पन्नासहून अधिक नष्ट झाले. एकेका विमानात बहुधा दहा माणसे असत.

प्रत्यक्ष कामास लागताना सर्व भाग चौकटीसकट साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत, कारण साच्यातील तेलकटपणा गोंद व रंग दोन्ही धरू देत नाही. भाग पिळून तोडू नये. नखे कापण्याच्या यंत्राने तो थोडा दूरवर कापावा आणि उरलेला कोंब बारीक कानशीने घासावा. प्लॅस्टिकचा गोंद हा आपल्या डिंकासारखा चिकट पदार्थ नसून द्रावक आहे. तो दोन्ही कडांचे पॉलिस्टायरीन विरघळवितो आणि वाळल्यावर ते एकजीव होते. यावरून दोन गोष्टी निघतात. जोडावयाच्या कडेवर रंग असता कामा नये. आणि थेंबभर गोंद पुरतो, जास्त झाला तर भागच वितळतो. त्याची वाफ डोक्यात चढते, म्हणून खिडकी उघडी ठेवून बसावे.

धडाचे दोन अर्ध जोडण्याआधी वजनाचा प्रश्न सोडविला पाहिजे. या संचाचा सारा कस येथेच लागतो. जुन्या बाँबफेकी विमानांना शेपटीखाली चाक असे व ती नाक वर करून उभी राहत. लिबरेटरला मात्र नाकाखाली एक चाक आणि पंखांखाली दोन, अशी तीन चाके आहेत. खऱ्या विमानाची चार एंजिने प्रत्येकी सहाशे किलोग्रॅमच्या आसपास वजनाची असून ती मोठ्या चाकांच्या पुढे बसविलेली असतात. त्यामुळे नाक खाली राहते. तरीसुद्धा शेपटी टेकलीच तर इजा होऊ नये म्हणून तिच्याखाली एक टेकू ठेवलेला असे. प्रतिकृतीत ही एंजिने पोकळ प्लॅस्टिकची. मागे लांब धड, दोन मोठी लंबगोल सुकाणे आणि शेपटीचा मनोरा. साहजिकच जुळविलेले विमान मागे कलंडून शेपटीवर बसते.

उपाय तरफेच्या नियमात आहे. सर्व मोठे भाग चिकटपट्टीने तात्पुरते जोडा. मोठी चाके जेथे येणार तेथे खाली एक पेन्सिल आडवी ठेवा. ती टेकू झाली. आता नाकावर कागदाची पुडी ठेवून तीत सायकलच्या बेअरिंगमधील छर्रे एकेक टाकत जा. ज्या क्षणी नाक खाली येईल, त्या क्षणी पुडीचे वजन करा. समजा, ते १२ ग्रॅम भरले आणि पुडी टेकूपासून १० सेंटिमीटरांवर होती. गुणाकार १२० झाला. परंतु लिबरेटरचे नाक काचेचे! छर्रे तेथे ठेवले तर बाहेरून दिसतील. म्हणून ते वैमानिकांच्या आसनांमागे, टेकूपासून ६ सेंटिमीटरांवर दडवावे लागतात. तेव्हा २० ग्रॅम लागतील. एंजिनांच्या पोकळीत, ३ सेंटिमीटरांवर ठेवावयाचे म्हटले तर ४० ग्रॅम. जागा जितकी मागे, तितके ओझे अधिक, आणि ओझे वाढले की चाकांचे नाजूक पाय वाकण्याचे भय. म्हणून आधी वैमानिकांमागील पोकळी पूर्ण भरावी आणि उरलेलेच वजन एंजिनांत घालावे; हिशेबाहून दोन-तीन ग्रॅम जास्तच असू द्यावेत, कारण पुढे रंगाचे वजनही मागच्या बाजूस चढते. प्लॅस्टिकचा गोंद धातूला धरत नाही, तेव्हा छर्रे दुसऱ्या पक्क्या गोंदाने जखडावेत. सुटलेला एक छर्रा बंद धडात जन्मभर खुळखुळतो.

धड जोडून रबराच्या पट्ट्यांनी एक दिवस बांधून ठेवावे. फट राहिल्यास लांबी भरून पॉलिश पेपरने घासावी. पंख लांब असल्याने गोंद ओला असताना टोके खाली झुकतात. दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीच्या वह्या रचाव्यात. शेपटीची दोन सुकाणे काटकोनात उभी राहिली पाहिजेत. येथे कंपासपेटीतील गुण्या कामी येतो. सुकाण किंचित तिरके बसले तर समोरून पाहणाऱ्याला सगळे विमानच वाकडे वाटते. एंजिनांची तोंडे गोल नसून आडवी लंबगोल आहेत, कारण एंजिनाच्या दोन्ही बाजूंस हवा घेण्याच्या वाटा आहेत. ती उभी बसवून विमान बिघडविल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात. काचेच्या भागांना मात्र द्रावक लावू नये, काच धुरकट होते. सुताराचा पांढरा गोंद तेथे उत्तम, कारण तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

रंग कोणता द्यावा, या प्रश्नापाशी इतिहास येतो. पेटीत बहुधा अमेरिकन किंवा ब्रिटिश चिन्हे असतात. माझे मत असे की आपल्या मुलांनी हे विमान भारतीय चिन्हांनी सजवावे, आणि हे निव्वळ अभिमानापोटी नव्हे. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची पुष्कळ लिबरेटर विमाने कानपूरजवळ चकेरी येथे टाकून दिली गेली. ती अमेरिकेकडून विशिष्ट कराराने घेतलेली होती. पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची नासधूस करण्यात आली. हा भंगाराचा ढीग बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने हाती घेतला. एका विमानाचा धड भाग, दुसऱ्याचे एंजिन, तिसऱ्याची उपकरणे असे करून चाळीसच्या आसपास विमाने उड्डाणक्षम करण्यात आली. कामचलाऊ दुरुस्ती झालेली ही विमाने कानपूरहून बंगलोरला उडवीत नेण्याचे धाडस चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी केले. नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाचे पाचवे स्क्वाड्रन या विमानांवर उभे राहिले. पुढे सहाव्या स्क्वाड्रनने, पुण्याच्या लोहगाव तळावरून, समुद्रावर टेहळणी करण्यासाठी ती वापरली. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली, तोवर जगातील इतर हवाई दलांनी लिबरेटर केव्हाच सोडून दिले होते. आज ब्रिटनमधील रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात, कॅनडात ओटावा येथे आणि अमेरिकेत ॲरिझोनातील टूसॉन येथे जी लिबरेटर विमाने उभी आहेत, ती भारतातूनच गेलेली. ज्यांचे तुकडे व्हावेत म्हणून प्रयत्न झाला, त्यांपासून ती जुळविली होती.

भारतीय वर्तुळचिन्हात मध्यभागी हिरवा, मग पांढरा आणि बाहेर केशरी रंग असतो. युद्धकाळातील आपल्याकडच्या विमानांची चिन्हे निळ्या रंगाच्या दोन छटांची होती. जपानी विमानावरील तांबड्या सूर्याशी घोटाळा होऊ नये म्हणून ब्रिटिश चिन्हातील तांबडा ठिपका पूर्वेकडे काढून टाकला होता. म्हणून चिन्ह निवडण्यापूर्वी साल ठरवावे. चिन्हांचे कागद अर्धा मिनिट पाण्यात ठेवून, चित्र सुटले की कुंचल्याने सरकवीत जागेवर आणावे आणि फडक्याने टिपावे. खालचा रंग चकचकीत असेल तर चित्राभोवती पांढुरकी कड दिसत नाही.

बंदुकांच्या नळ्या आणि एरिअलची तार सर्वांत शेवटी लावावी. आधी लावली तर प्रत्येक वेळी विमान उचलताना त्यांतील एक तरी मोडते. तार म्हणून चौकटीचा एक तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकविता, मऊ होईपर्यंत धरावा आणि हलकेच ओढावा. केसाइतका बारीक धागा निघतो. हे काम मोठ्या माणसाच्या देखत, आणि गोंदाची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवून करावे.