दुप्पट म्हणजे कितीचे किती?

पन्नाशीनंतर नोकरी शोधायची वेळ आली की आयुष्यभर दुसऱ्यांचे सीव्ही चाळलेल्या माणसाला स्वतःची दोन पानं लिहिता येत नाहीत. माझा जुना सीव्ही उघडला तर त्यात वडिलांचं पूर्ण नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक, छंद म्हणून वाचन आणि ट्रेकिंग, आणि तळाशी 'वरील माहिती खरी आहे' अशी प्रतिज्ञा; ठिकाण पुणे, तारीख मोकळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा प्लँट हेड म्हणून मी काय केलं? तर 'उत्पादन, गुणवत्ता, देखभाल व कामगार संबंध सांभाळणे'. ते कुठला प्लँट हेड सांभाळत नाही?

मग वरिष्ठ अधिकाऱ्यांचे सीव्ही लिहून देणारी एक एजन्सी गाठली. फी घसघशीत. हाती आली चार रंगीत पानं. डावीकडे निळा पट्टा, त्यात माझ्या 'लीडरशिप'ला पाचपैकी साडेचार तारे. हे तारे कुणी दिले, देव जाणे. 'व्हिजनरी', 'डायनॅमिक' वगैरे होतंच, आणि एक ओळ होती : तोट्यातला प्लँट सावरून ईबिटा दुप्पट केला. ती काढायला मी सांगितलं. 'सर, या लेव्हलला असंच लिहावं लागतं,' असं उत्तर आलं आणि मला न विचारता तीच फाइल एका सर्च फर्मकडे गेली.

मुलाखतीच्या पॅनेलवर एक निवृत्त सीएफओ होते. त्यांनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. 'दुप्पट म्हणजे कितीचे किती?' मी खरं ते सांगितलं. त्या वर्षी ग्राहक कंपनीनं स्टीलच्या भाववाढीची मागची थकबाकी चुकती केली, निम्मा फरक त्याचा. आमचं कर्तृत्व स्क्रॅप आणि ओव्हरटाइम कमी करण्यात होतं. ते म्हणाले, 'मग तेच का नाही लिहिलंत?' पुढचे प्रश्न नावापुरते झाले.

मोठ्या जागेसाठी सीव्ही वाचणारा माणूस विशेषणांवरून नजर फिरवतो आणि आकड्यापाशी थांबतो. म्हणून प्रत्येक नोकरीखाली आधी कामाचा आवाका एका ओळीत द्या : वार्षिक उलाढाल, कायम आणि कंत्राटी माणसं वेगवेगळी, किती प्लँट, तुम्ही कोणाला रिपोर्ट करत होता. 'पी अँड एल' हा शब्द जपून वापरा. विक्रीची किंमत हेड ऑफिस ठरवत असेल आणि तुमच्याकडे फक्त खर्च असेल, तर तसंच लिहा. ही गोष्ट पहिल्या दोन प्रश्नांत उघडी पडते.

मग तुम्ही घेतलेले निर्णय. 'स्क्रॅप कमी केलं' यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी : 'प्रेस शॉपमधलं स्क्रॅप दीड वर्षात 4.2 वरून 2.6 टक्क्यांवर आणलं. त्यासाठी दोन डाय बदलण्याचा खर्च मंजूर करून घेतला, तिसऱ्याचा प्रस्ताव परतावा दिसेना म्हणून स्वतःच मागे घेतला.' या मागे घेतलेल्या प्रस्तावातच वाचणाऱ्याला तुमची पारख दिसते. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 लागू झालं आणि त्याच्या आठवडाभर आधी लॉकडाउन लागला. तेव्हा सप्लायर कंपनी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे सांगण्यासारखं बरंच असणार, तरी सीव्हीत मात्र 'कोविड काळात उत्पादन सातत्य राखले' एवढंच! गावी गेलेले कंत्राटी कामगार कसे परत आणले, पगाराला रोख कुठून उभी केली, जुन्या मॉडेलच्या मालाचं काय केलं, हे दोन ओळींत येऊ द्या. प्लँट बंद करावा लागला असेल तर तेही झाकू नका. व्हीआरएसची बोलणी करून, सगळ्यांची देणी चुकवून कारखाना शांतपणे बंद करणं हे नवीन लाइन सुरू करण्यापेक्षा अवघड काम आहे, असं माझं मत आहे.

आकडे द्यायचे म्हणून जुन्या कंपनीची गुपितं मात्र उघडू नयेत. पार्टचे दर, बाजारात न आलेल्या मॉडेलची नावं टाळा. टक्केवारीत काम भागतं. त्यांची गुपितं सांगणारा उद्या आपलीही सांगेल, हे समोरच्याला लगेच कळतं.

तारखा आणि पदव्या यांत तर काडीचीही ढिलाई नको. पीएफच्या यूएएन नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. संचालक असाल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव सापडतं. याहूचे सीईओ स्कॉट थॉम्पसन यांच्या परिचयात अकाउंटिंगच्या जोडीला कॉम्प्युटर सायन्सची पदवी लिहिलेली होती, ती त्यांच्याकडे नव्हती. मे 2012 मध्ये, रुजू झाल्यावर जेमतेम चार महिन्यांत, त्यांना जावं लागलं.

बाकी गोष्टी किरकोळ. दोन पानं पुरेत. पंधरा वर्षांपूर्वीच्या नोकऱ्यांना एकेक ओळ. तक्ते, रंगीत पट्टे, फोटो नकोत. नोकरीच्या पोर्टलच्या सॉफ्टवेअरला त्यातला मजकूर अनेकदा नीट वाचता येत नाही. सर्च फर्ममध्ये तुमचा कागद सगळ्यात आधी बहुधा एखादी तरुण रिसर्चर वाचते. तुमच्या कंपनीतलं डीजीएम पद बाहेर कशाच्या बरोबरीचं आहे, हे तिला ठाऊक असेलच असं नाही, म्हणून कंसात सोप्या शब्दांत लिहा.

एजन्सीकडून भाषा तपासून घ्यायला हरकत नाही. पण पैसे देण्याआधी, माझ्या लेखी होकाराशिवाय फाइल कुणालाही जाणार नाही, एवढं त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या.