मॅकवरील विंडोज : स्थापनेचे दोष व त्यांवरील उपाय

पुष्कळ पालक आपल्या पाल्यास मॅक संगणक घेऊन देतात. पुढें टॅलीप्राइम किंवा अ‍ॅक्सेस शिकण्याचा प्रसंग आला, म्हणजे हे प्रोग्राम विंडोजवरच चालतात असें कळतें. मग मॅकवर विंडोज घेतली जाते. पण प्रोग्राम घालूं लागतांच पडद्यावर चुकीची सूचना येते, आणि घाबरलेला विद्यार्थी सर्वच पुसून टाकण्यास सिद्ध होतो. असें धाडस कोणी करूं नये, म्हणून या दोषांचीं तीन मुख्य कारणें आम्ही येथें क्रमानें देत आहों.

पहिलें कारण प्रोसेसरचें. इ. स. २००६ पासून निघालेल्या इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर बूट कँप या साधनानें डिस्कचा एक भाग वेगळा करून विंडोज घालतां येते. २०२० सालीं आलेला एम-१ प्रोसेसर आर्म जातीचा आहे. त्यावर व त्यापुढील प्रोसेसरांवर बूट कँप चालत नाहीं. तेथें पॅरलल्ससारख्या साधनांत आर्मसाठीं केलेली विंडोज ११ चालवावी लागते. ती इंटेलसाठीं लिहिलेल्या बहुतेक प्रोग्रामांस दुभाष्याप्रमाणें समजून घेते. परंतु ड्रायव्हरांच्या बाबतींत हा दुभाषी उपयोगी पडत नाहीं. प्रोग्रामबरोबरचा ड्रायव्हर आर्मसाठीं नसेल, तर शंभर वेळां खटपट करूनही फळ येणार नाहीं. निर्मात्याकडे आर्मसाठीं आवृत्ति आहे काय, हेंच पाहावें.

दुसरें कारण फाइलीच्या जागेचें. पॅरलल्समध्यें मॅकचे डेस्कटॉप, डाउनलोड्स इत्यादि फोल्डर विंडोजमध्यें दिसतात. पण विंडोजच्या लेखीं ते नेटवर्कवरील, म्हणजे परघरचे, होत. स्थापनेचें काम पुष्कळदां विंडोजचें निराळें खातें करितें, व त्या खात्यास परघरचें दार उघडत नाहीं. म्हणून नेटवर्कची जागा सांपडत नाहीं अशी सूचना येते. उपाय सोपा आहे. सी ड्राइव्हवर नवा फोल्डर करून त्यांत फाइल उतरवून घ्यावी व तेथूनच ती चालवावी. तेवढ्यानें न भागल्यास पॅरलल्सच्या सेटिंगांत मॅकचे फोल्डर विंडोजशीं जोडण्याची सोय बंद करावी, विंडोज पुन्हा सुरू करावी, आणि मग प्रयत्न करावा.

तिसरें कारण बूट कँपमधील डिस्कचें. या भागावर विंडोज घालतां येत नाहीं, अशी सूचना आल्यास बूटकँप असें नांव असलेलाच भाग निवडून फॉर्मॅट करावा. दुसऱ्या भागास हात लावल्यास मॅकवरील अभ्यास, चित्रें, कागदपत्रें सर्व एका क्षणांत नाहींशीं होतील! यास्तव आरंभींच टाइम मशीननें बाहेरच्या डिस्कवर प्रत काढून ठेवावी.

विद्यार्थिमित्रांनो, चुकीची सूचना म्हणजे शिक्षा नव्हे. ती रोगाचें लक्षण सांगते. तिचा क्रमांक व शब्द वहींत जसेच्या तसे उतरून घ्या, कारण शोधा, आणि मगच उपाय करा.