पहिला घाणा बिघडला तेव्हा



भाचेबुवा, पोर्टलंडहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. ऐन जुलैत ओट्याखाली एकोणीस लिटर बिअर आंबवायला ठेवली, तिसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले, दहाव्या दिवशी प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर घालून बुचं लावली, चव बँडेजच्या पट्टीसारखी लागली आणि दोन आठवड्यांनी कपाटात एक बाटली फुटली. एवढ्या हकिगतीनंतर प्रश्न काय, तर 'रेसिपी चुकली का?' रेसिपीला कशाला दोष द्यायचा! घरच्या बिअरमध्ये जे बिघडतं त्यातलं बहुतेक गॅस बंद केल्यावर बिघडतं. माणूस करतो तो फक्त माल्टचा गोड काढा, म्हणजे वर्ट. त्याची बिअर करतं यीस्ट. म्हणून नवं चकचकीत पातेलं घेण्याआधी यीस्टची सोय बघावी.

आधी तुझ्या आईची धास्ती. तिला मालवणी आठवली. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ते मिथेनॉल होतं, दारू म्हणून विकलेलं. माल्ट आंबवताना मिथेनॉल नगण्य तयार होतं आणि बिअरमध्ये भट्टीवर अर्क काढणं नसतंच. शिवाय तयार बिअरचा सामू चार-साडेचारच्या आसपास, त्यात अल्कोहोल, त्यात हॉप्सचा कडवटपणा. रोगजंतूंना तिथे थारा मिळत नाही. बिघडलेली बिअर तोंड वाकडं करायला लावते, इतकंच. या छंदात इजा होते ती उतू जाणाऱ्या उकळत्या वर्टने आणि फुटणाऱ्या काचेने. आईला हे असंच सांग, म्हणजे तिची काळजी योग्य जागी जाईल.

कायद्याचं म्हणशील तर तू सुखी आहेस. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला १९७८ उजाडलं. जिमी कार्टर यांनी त्या ऑक्टोबरात सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघं किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येऊ लागली. विकायची मात्र नाही. राज्यांचे कायदे वेगळे. अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी तर २०१३ पर्यंत अडवून धरलं होतं. तुझ्याच गावच्या फ्रेड एकहार्ट यांनी लागर बिअर घरी कशी करावी याचं पुस्तक १९७० मध्येच काढलं, म्हणजे ती करणं कायद्यात बसत नव्हतं तेव्हा. पुण्यातल्या चुलतभावाला मात्र तुझा उत्साह पाठवू नकोस. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय घरात बिअर करणं गुन्हा आहे. त्याला हौस असेल तर त्याने मायक्रोब्रूअरीत जाऊन प्यावी.

आता बँडेजची चव. ही बहुतेकदा नळाच्या पाण्यातून येते. पोर्टलंडचं पाणी बुल रनच्या जंगलातून येतं. इतकं मृदू पाणी मिळणं बिअरवाल्याचं भाग्यच, कारण फिकट बिअरला ते फार मानवतं. पण तिथली पालिका ते निर्जंतुक ठेवायला क्लोरामाइन वापरते. साधं क्लोरीन उकळल्यावर उडून जातं, क्लोरामाइन चिवट असतं. माल्टमधल्या फिनॉल द्रव्यांशी त्याची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतं आणि ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात जिभेला कळतं की चार बादल्यांत एक थेंबही पुरावा. उपाय हास्यास्पद स्वस्त आहे. कॅम्पडेनची एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते. तुझ्या एकोणीस लिटरला पाव गोळी चुरून, ढवळून पाच-दहा मिनिटं थांबायचं. भांडी ब्लीचने धुतली असशील तर ती सवय आजच सोड. तीच चव त्या वाटेनेही येते, आणि स्टीललाही ब्लीच चांगलं नाही.

बुडबुडे थांबले म्हणून तू घाबरलास, ते उगाच. बुडबुडे दाखवणारा एअरलॉक हे काही मोजमापाचं साधन नव्हे. झाकण जरा सैल असलं तर वायू कडेने निघून जातो आणि आत जोरात आंबत असतानाही एअरलॉक गप्प बसतो. उलट खोली तापली की नुसत्या तापमानाने बुडबुडे येतात. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो. सुरुवातीला घनता १.०५० आणि शेवटी १.०१० भरली, तर फरकाला १३१ ने गुणायचं, म्हणजे अल्कोहोल सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आले की आंबणं संपलं. दहावा दिवस, चौदावा दिवस या गोष्टी कॅलेंडरवाल्यांच्या. यीस्टला त्या माहीत नसतात. तुझा हायड्रोमीटर अजून खोक्यातच आहे असं तू लिहितोस, ते या मामाला बिघडलेल्या चवीपेक्षा जास्त खटकलं. नमुना गार करून मोज. गरम वर्टमध्ये आकडा खोटा, म्हणजे खरा असतो त्यापेक्षा कमी येतो.

सगळ्यात जास्त नुकसान केलं असेल ते उष्णतेने. साध्या एल यीस्टला १८ ते २० अंश सेल्सिअस मानवतं. तुझं स्वयंपाकघर जुलैत २८ वर होतं म्हणतोस. पण फर्मेंटरच्या, म्हणजे आंबवायच्या भांड्याच्या, आतलं तापमान खोलीइतकं नसतं: साखर फोडताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं आणि पहिले दोन-तीन दिवस आतला पारा बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंश वर राहू शकतो. म्हणजे तुझं यीस्ट तिशीच्या वर काम करत होतं. अशा उष्णतेत ते घाईने साखर संपवतं (तिसऱ्या दिवशी सगळं शांत झालं त्याचं कारण बहुधा हेच) आणि जाताना जड अल्कोहोलं मागे ठेवतं. त्यांनी घसा जळतो. केळ्यासारखा वासही बऱ्याचदा इथलाच. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये तो मुद्दाम आणतात, पेल एलमध्ये तो आगंतुक.

पोर्टलंडमध्ये अनेक घरांना एसी नाही आणि तिथला उन्हाळा आता पूर्वीचा राहिलेला नाही. २०२१ च्या जूनअखेरीस पारा ४६.७ अंशांवर गेला होता. तेव्हा फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेव, वरून ओला पंचा गुंडाळ, पंख्याचा झोत सोड. माठ गार राहतो त्याच न्यायाने चार-पाच अंश उतरतात. टबात सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याची बाटली टाकलीस की आणखी उतरेल. पैसे साठले की जुना फ्रिज आणि तापमान-नियंत्रक घे. घरी बिअर करणाऱ्याची यापेक्षा चांगली खरेदी नाही. हेही जमणार नसेल तर जुलै-ऑगस्टात बिअर करूच नकोस. लागरच्या तर वाटेला जाऊ नकोस. तिला दहा-बारा अंश लागतात आणि वर महिनाभर गारव्यात विश्रांती.

बाटलीचं प्रकरण सरळ आहे. सगळ्याच बाटल्या उसळल्या असत्या तर आंबणं अर्धवट असताना बुचं लावली, किंवा रानटी यीस्ट शिरलं, असं म्हणता आलं असतं. घनता ०.००१ ने उतरताना लिटरमागे साधारण एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. नेहमीच्या बाटलीबंद बिअरमध्ये तो लिटरमागे पाच ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे १.०२० वर बूच लावलं आणि आत ती १.०१० पर्यंत उतरली, तर वायू किती साठेल ते तूच मोज. पण तुझी एकच फुटली, काही उसळतात, काही निपचित. हा चमच्याचा प्रताप. ३५५ मिलिलिटरच्या बाटलीला साखर लागते दोन ग्रॅमपेक्षा जराशी जास्त. सपाट चमचा भरतो चार ग्रॅम, शिगोशीग भरला तर आणखी. यापुढे चमचा नको, काटा वापर. एकोणीस लिटरला ११५ ग्रॅमच्या आसपास साखर कपभर पाण्यात उकळायची, दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतायची, तिच्यावर नळीने बिअर सोडायची, खळखळाट न करता. तळाचा साका मागेच राहू द्यायचा.

उरलेल्या बाटल्या आज रात्रीच फ्रिजमध्ये जाऊ देत. हाताळताना डोळ्यांवर चष्मा, हाताला जाड मोजे, बाटलीभोवती टॉवेल. गार झाल्यावर मोरीत हळूच उघड.

बाकीच्या तक्रारी पुढे येतीलच, म्हणून ओझरतं सांगून ठेवतो. लोण्याचा वास म्हणजे डायअसिटिल: यीस्टला अजून दोन-तीन दिवस जरा उबेत राहू दे, ते स्वतःच तो वास गिळतं. हिरव्या सफरचंदाची चव म्हणजे तू घाई केलीस. उकडलेल्या मक्याचा वास आला तर झाकण ठेवून उकळलंस. झाकण काढून उकळ आणि नंतर झटपट गार कर. ओल्या पुठ्ठ्याची चव हवेमुळे येते. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेत उन्हात राहिलेल्या बिअरला स्कंकचा उग्र दर्प येतो, कारण उजेड हॉप्समधली द्रव्यं मोडतो. तपकिरी बाटली घे आणि कपाट बंद ठेव.

स्वच्छतेबद्दल मात्र थोडं सविस्तर. उकळण्याआधी भांडी साधी स्वच्छ असली तरी चालतं. उकळल्यानंतर वर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं. धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं, आणि मळक्या भांड्यावर निर्जंतुक करणं काही कामाचं नाही. निर्जंतुक करायला स्टार सॅन घे: एकोणीस लिटर पाण्याला ३० मिलिलिटर, एक-दोन मिनिटं ओलं राहू द्यायचं, फेस धुवायचा नाही. ओरखडे पडलेली प्लास्टिकची बादली बदलून टाक. आणि तुमच्या घरात विरजण लागतं, डोशाचं पीठ आंबतं. ते ज्या दिवशी ओट्यावर असेल त्या दिवशी फर्मेंटरचं झाकण उघडू नको. माल्टचा भरडाही दुसऱ्या खोलीत काढ, त्या धुळीत बिअर आंबट करणारे जिवाणू पुष्कळ असतात. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी बिघडलेल्या बिअरचा माग काढला, तेव्हा सापडलं ते चांगल्या यीस्टमध्ये मिसळलेलं रानटी यीस्ट. त्यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि कारखान्याने ते इतरांनाही वाटलं. आज तुला अकरा-साडेअकरा ग्रॅमच्या पाकिटात शुद्ध यीस्ट मिळतं ते त्या कामामुळे. ते पाकीटही तारीख बघून घे.

पुढचा घाणा सप्टेंबरात लाव. तीच रेसिपी, काहीही बदलू नकोस. पाव गोळी, टब, हायड्रोमीटर आणि काटा, एवढंच नवं. मग कागदावर सुरुवातीची घनता, शेवटची घनता आणि पहिल्या तीन दिवसांचं तापमान लिहून पाठव. चवीचं वर्णन त्याच्या खाली.

तुझा,
मामा