बालमन आणि यंत्रमानव

यंत्रमानव भिंतीपाशी वळला की लहान मूल बहुधा म्हणते, ‘तो घाबरला.’ ‘अडथळा आला तर वळ’ हा त्यामागील नियम उमगणे, हेच खरे शिक्षण होय. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट व सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा निर्माण केली. पुढे तिच्या आज्ञांनी यांत्रिक कासव चालू लागले. स्वतःला कासवाच्या जागी कल्पून मुले आज्ञा रचीत. आपल्याकडील अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सहावीपासून पुढे आहेत. तथापि धाकट्या वर्गांनी यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. भातशेतीच्या गोंदिया जिल्ह्यात शाळेच्या अंगणातच बांधी आखावी. एका मुलाने यंत्र व्हावे, इतरांनी नियम द्यावा : ‘धुरा आला की उजवीकडे वळ.’ नियम अपुरा असल्यास यंत्र अडेल आणि मुलेच तो सुधारतील. यास खर्च नाही. शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई मात्र करू नये.