वाघाचा पैसा आणि सीताफळाचा पैसा

मोर्शीच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. वन्यप्राण्यांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले म्हणजे ते त्या डोंगरांच्या शोभेवर किंवा वाघाच्या डौलावर येऊन थांबते. उजाड झालेले रान पुन्हा उभे करावयाचे तर पैसा कोण देतो आणि तो कोणाच्या हाती पडतो, हा रुक्ष प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात मी तोच घेतला आहे.

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक होय. येथे मुख्य पैसा केंद्र व राज्य सरकारांचा. शिवाय वन्यजीव कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची तरतूद झाली. पर्यटकांच्या शुल्काचा पैसा त्यात जमा होऊन तेथल्याच कामी लागू शकतो. मोठा खर्च मात्र गावे उठविण्याचा. २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपये ठरले, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. गाव उठले की शेतांच्या जागी गवत येते, गवतामागे सांबर, आणि सांबरामागे वाघ. बोरी, कोहा, कुंड या गावांच्या जागी असे गवत उभे राहिले. परंतु रक्कम हाती आली म्हणजे जगण्याची सोय झाली असे नव्हे. बाहेर वसविलेल्या काही गावांचे लोक पुन्हा जंगलात परतले व २०१९ च्या जानेवारीत केलपाणी येथे त्यांची आणि वनकर्मचाऱ्यांची चकमक झाली. जो माणूस रान ओळखतो त्यालाच पैसे देऊन रानाबाहेर काढावयाचे, हा हिशेब मला तरी अर्धवट वाटतो.

याच्या अगदी उलट उदाहरण अचलपूर तालुक्यातील पायविहीर या कोरकू गावाचे. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली या गावाला सुमारे १९० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल कसले, उघडा माळच तो! ग्रामसभेने तोड व चराई आवरली, मृद्‌संधारणाची कामे केली, झाडे लावली. मजुरी रोजगार हमीतून मिळाली. (या रोजगार हमीचा उगम महाराष्ट्रातलाच, तिच्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसला. आपल्या प्राध्यापकवर्गाच्या पगारातून तो आजही कापला जातो, तेव्हा रान राखण्यात त्यांचाही वाटा धरावयास हरकत नाही.) पुढे गावाने आपल्या रानातील सीताफळे व्यवस्थित पेट्यांत भरून विकली. २०१४ साली पायविहिरीस भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला.

मला पुरस्कारापेक्षा सीताफळाची पेटी महत्त्वाची वाटते. कारण सरकारी अनुदान बहुधा रोपे लावण्यापुरते येते. खड्डे मोजले जातात, फोटो निघतो, वर्ष संपते. रोप तगायला मात्र चार-पाच उन्हाळे राखण लागते. त्या काळात गुरे कोठे चारावयाची, वणवा विझवायला रात्री कोणी जावयाचे, याची तरतूद कागदावर क्वचितच असते. रानातूनच थोडे उत्पन्न येत राहिले तर ही राखण गावाला परवडते.

आणखी एक खर्च आपल्या तालुक्यातील शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. रोही आणि रानडुकरे तुरीत शिरतात. पंचनामा होतो, भरपाई मंजूर होते. पण ती हाती पडेपर्यंत पुढचे बी-बियाणे उधारीवर आणावे लागते. नवे रान लावण्याचा कोणताही प्रकल्प आखताना ही रक्कम पहिल्याच ओळीत धरली पाहिजे, रोपांच्या किमतीच्याही आधी.