लष्करी कारवाई : कायदेशीर की न्याय्य? (वर्गातील वादविवादासाठी पाठ)



नववीच्या राज्यशास्त्रात 'संयुक्त राष्ट्रे' हे प्रकरण आहे. सुरक्षा परिषदेचे १५ सदस्य, त्यातले ५ कायम, त्यांना नकाराधिकार. मुलं एवढं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि मोकळी होतात. पण टीव्हीवर युद्धाची बातमी आली की हीच मुलं विचारतात, "सर, दुसऱ्या देशात सैन्य पाठवायला परवानगी लागते का?" या प्रश्नावर दोन तासिकांचा छान वादविवाद होऊ शकतो.

आधी नियम समजून घेऊ

१९४५च्या सनदेतलं कलम २(४) सांगतं की कोणत्याही देशाने दुसऱ्या देशाविरुद्ध बळाचा वापर करू नये, तशी धमकीही देऊ नये. याला सनदेत दोन ठळक अपवाद आहेत. आपल्यावर सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षण (कलम ५१), आणि सुरक्षा परिषदेने स्वतः मंजुरी दिलेली कारवाई (कलम ४२). फळ्यावर एवढंच लिहा.

तीन उदाहरणे

१) कुवेत : २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. २९ नोव्हेंबरला परिषदेने ठराव ६७८ मंजूर केला आणि माघारीसाठी १५ जानेवारी १९९१ पर्यंत मुदत दिली. ती संपल्यावर कारवाई झाली. इथे नियम सरळ लागू पडतो.

२) कोसोवो : १९९९मध्ये नाटोने युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बहल्ले केले. परिषदेची मंजुरी नव्हती. कोसोवोतल्या अल्बानियन लोकांवरचे अत्याचार थांबवण्यासाठी हे केलं, असं नाटोचं म्हणणं. नंतर एका स्वतंत्र आंतरराष्ट्रीय आयोगाने निष्कर्ष काढला की कारवाई बेकायदेशीर होती, पण समर्थनीय होती. हे वाक्य मुलांना दोनदा वाचायला लावा. 'कायदेशीर' आणि 'न्याय्य' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे इथेच लक्षात येतं.

३) गोवा : आता आपल्या घरचं उदाहरण. डिसेंबर १९६१मध्ये 'ऑपरेशन विजय' झालं आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. आदल्याच दिवशी हा विषय सुरक्षा परिषदेत आला होता. युद्ध थांबवून भारताने सैन्य मागे घ्यावं, या ठरावाला ११पैकी ७ मतं पडली. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून तो फेटाळला गेला. भारताचं म्हणणं होतं की गोवा हा भारताचाच भाग, वसाहतवाद हेच मुळात चालू असलेलं आक्रमण, आणि १९६०च्या ठराव १५१४ने वसाहतवाद संपवायला सांगितलंच आहे.

खरा कस इथे लागतो

गोव्याचं नाव निघालं की वर्ग एका बाजूला होतो. तेव्हा एक प्रश्न टाका. १९८२मध्ये अर्जेंटिनानेही फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवलं. ब्रिटनने १८३३मध्ये ती बळकावली, हा वसाहतवादच आहे, असं तेही म्हणत होते. परिषदेने मात्र ठराव ५०२ने त्यांना माघार घ्यायला सांगितलं. मग आपला युक्तिवाद चालतो आणि त्यांचा नाही, असं का?

मुलं आधी गप्प होतील. मग कोणीतरी म्हणेल, "तिथल्या लोकांना काय हवं होतं?" इथून चर्चा पुढे न्या. फॉकलंडच्या रहिवाशांना ब्रिटनसोबत राहायचं होतं. गोव्यात १८ जून १९४६च्या मडगावच्या सभेपासून लोक सविनय कायदेभंग करत होते. १९५५च्या सत्याग्रहात निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. भारताने १४ वर्षं वाटाघाटींचा मार्ग सोडला नव्हता. हे मुद्दे भक्कम आहेत. तरी ते न्यायाच्या बाजूचे की कायद्याच्या, हे मुलांनीच ठरवू द्या.

वर्गात कसं घ्याल?

- बाजू चिठ्ठी टाकून द्या. आवडीची बाजू निवडू देऊ नका.
- दुसऱ्या तासिकेला बाजूंची अदलाबदल करा.
- प्रत्येक मुद्द्यासोबत कलम, ठराव किंवा वर्ष सांगायलाच हवं.
- शेवटी दोन वेगळी मतदानं घ्या : कायदेशीर होतं का? न्याय्य होतं का?

पालकांनो, मुलाने घरी येऊन गोव्याच्या विरुद्ध बाजूचे मुद्दे मांडले तर रागावू नका. उलट बाजू नीट ऐकलेलं मूलच आपली बाजू ठामपणे सांगू शकतं. आणि जो नियम आपण दुसऱ्याला लावतो, तो स्वतःलाही लावून बघायची सवय याच वयात लागते.