ब्रेकमधील हवा

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ करतो. आम्हांला तो गेल्या उन्हाळ्यात हुमनाबादजवळच्या रस्त्यावर नव्याने शिकावा लागला. आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीसमोर एकाएकी बैलगाडी आली. ब्रेक दाबला, तो पेडल थेट तळाला गेले! दोनतीनदा भराभर दाबल्यावर गाडी थांबली, तेव्हा बैलगाडी हातभरच दूर होती.

ही मोटार मूळची इटलीच्या फियाटची. ती मुंबईस बनविणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक वालचंद हिराचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम-ब्रेक असतात. पेडल दाबले, की मास्टर सिलिंडरमधील द्रव नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरात दाब पोहोचवितो. तेथील दट्ट्ये ब्रेक-शू फाकवून फिरत्या ड्रमवर आतून दाबतात. द्रव सहसा आक्रसत नाही. हवा मात्र आक्रसते. नळीत हवा शिरली, की पेडलची सारी धाव तिला आक्रसविण्यातच संपते.

आम्ही पडलो कलाशाखेचे. म्हणून एका वृद्ध मिस्त्रींपाशी बसून काम शिकलो. प्रथम इतर चाकांना दगड लावावेत, गाडी उचलून भक्कम घोडीवर टेकवावी. केवळ जॅकवर विसंबू नये. ड्रममधील धूळ फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती ओल्या फडक्याने पुसावी. आमच्या मागच्या एका सिलिंडरचे रबर झिजून तेथून द्रव पाझरला होता. रबर नवे घालावे. झिजलेले वा भिजलेले लायनर जोडीच्या दोन्ही चाकांचे बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूस ओढते. बाजारात ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, तरी ते इंजिनाचे तेल नव्हे. इंजिनाचे तेल, पेट्रोल वा रॉकेल लागले तर ही रबरे फुगतात.

मग हवा काढणे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बरणीतील ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे; दुसऱ्याने निपल उघडावे, बुडबुडे निघताच बंद करावे, आणि मगच पेडल सोडावे. टाकीतील ऑइल संपू देऊ नये. निघालेले ऑइल पुन्हा वापरू नये.

पेडलवर आमचा एक विद्यार्थी बसला होता. ‘सोड’ म्हणण्यापूर्वीच त्याने एकदा पाय उचलला, आणि हवा पुन्हा आत ओढली गेली! सारे प्रथमपासून करावे लागले. पेडलवाल्यास निपल दिसत नाही, निपलवाल्यास पेडल दिसत नाही. दोघांमध्ये असतो तो केवळ शब्दाचा विश्वास. अखेर पेडल घट्ट झाले. तरीही मोकळ्या मैदानात सावकाश पारख केल्यावाचून मिस्त्रींनी आम्हांस रस्त्यावर जाऊ दिले नाही.

पाठ केलेला नियम हाताने पडताळून पाहावा, हेच त्या दिवसाने आम्हांस शिकविले.